अंगणातलं छोटं पाणथळ तळं: खोदण्यापासून चतुर येईपर्यंत

पाण्याची टाकी आणि पाणथळ जागा यांत मुख्य फरक काठाचा असतो. उभ्या भिंतींच्या टाकीत कितीही स्वच्छ पाणी भरा, डास आणि शेवाळ सोडून तिथे फारसं काही टिकत नाही. तोच काठ हळूहळू उतरता, ओलसर आणि रोपांनी भरलेला असेल, तर बेडूक, चतुर, टाचण्या (चतुरांचे सडपातळ भाऊबंद), पाणभुंगे न बोलावता येतात. रामसरच्या १९७१ च्या आंतरराष्ट्रीय करारातल्या व्याख्येतही समुद्राचं पाणी पाणथळीत धरायचं ते ओहोटीच्या वेळी ६ मीटरपेक्षा जास्त खोल नसेल तरच. पाणथळीतले बहुतेक जीव उथळ पाण्यावर जगतात. खोल भाग फक्त उन्हाळ्यात आणि थंडीत आसरा म्हणून लागतो.

खालची मापं ३ मीटर लांब आणि २ मीटर रुंद अशा लंबगोल तळ्याची आहेत. जागा कमी असेल तर खोली कमी करा, पण काठाचा उतार तसाच ठेवा. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात.

जागा

दिवसात पाच-सहा तास ऊन लागायला हवं. मोठ्या झाडाखाली तळं केलं की पानांचा सडा पाण्यात पडतो, कुजताना प्राणवायू खातो आणि पाण्यात खत सोडतो. फांद्यांच्या घेरापासून निदान तीन मीटर लांब राहा, म्हणजे मुळांचाही त्रास होत नाही.

पाणी आपोआप साचतं म्हणून आवारातला सगळ्यात सखल कोपरा निवडावासा वाटतो. पण कुंड्या, वाफे आणि हिरवळीवरचं खत, कीटकनाशक पावसाबरोबर तिथेच वाहून येतं. त्याऐवजी थोडी वरची जागा घ्या आणि छपरावरचं पावसाचं पाणी पन्हाळीतून तळ्यात आणा. पहिल्या पावसाची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा वाहून जाऊ द्या, मग पन्हाळी तळ्याकडे वळवा.

खोदाई आणि पातळी

लांबीच्या एका टोकापासून मोजायला सुरुवात करा. पहिल्या १.२ मीटरमध्ये खोली शून्यापासून २० सें.मी.पर्यंत सावकाश उतरू द्या. पुढचे ४० सें.मी. जवळजवळ सपाट, २५ सें.मी. खोलीवर, ही रोपांची पायरी. तिथून ५० सें.मी. अंतरात ६० सें.मी. खोलीपर्यंत उतरा, ४० सें.मी. सपाट तळ ठेवा आणि उरलेल्या ५० सें.मी.मध्ये समोरचा काठ वर आणा. दोन्ही लांब बाजूंनाही जमेल तेवढा उतार द्या. तयार तळं परातीसारखं पसरट दिसलं पाहिजे. त्यात साधारण हजार लिटर पाणी मावतं. वाळू आणि अस्तरासाठी प्रत्यक्षात सगळीकडे ८ ते १० सें.मी. जास्त खणावं लागतं, हे आधीच धरून चला.

सगळ्यात जास्त कामं बिघडतात ती पातळीत. जमीन नजरेला सपाट दिसते, पाणी मात्र खरं सांगतं. काठावर दर अर्ध्या मीटरला खुंटी ठोका आणि फळीवर पाणसळ ठेवून सगळ्या खुंट्यांची डोकी एका पातळीत आणा. फळी पुरत नसेल तर आठ-दहा मीटरची पारदर्शक नळी पाण्याने भरा. तिच्या दोन्ही तोंडांशी पाणी एकाच उंचीवर येतं. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर माप चुकतं, म्हणून आधी नळी झटकून घ्या. काठ एका बाजूला फक्त ५ सें.मी. वर राहिला तरी वरच्या उतारावर ३० सें.मी. रुंदीचा पट्टा कायम कोरडा राहतो, आणि तो नेमका सगळ्यात महत्त्वाचा पट्टा असतो.

एका बाजूला, दोन-तीन सें.मी. खाली, जादा पाण्यासाठी हातभर रुंद सांडवा ठेवा. तो नसेल तर जोराच्या पावसात पाणी स्वतः वाट काढतं आणि काठ घेऊन जातं.

लायनर की चिकणमाती?

आधी मातीची परीक्षा करा. ओल्या मातीची पेन्सिलीएवढी जाड वळी करून तिचं कडं वाकवा. कडं न तडकता जमलं, तर मातीत पुरेशी चिकण आहे. अशी माती ओली असताना थराथराने तुडवून ३० सें.मी. जाडीचा तळ करता येतो. मात्र हा तळ एकदा पूर्ण वाळला की भेगा पडतात आणि त्या नीट मिटत नाहीत. पाणी आटण्याची शक्यता असेल तिथे लायनर, म्हणजे पाणी झिरपू न देणारं रबराचं किंवा प्लास्टिकचं अस्तर, हाच बरा.

लायनर ईपीडीएम रबराचा असेल तर ०.७५ ते १ मिलिमीटर जाडीचा घ्या. शेततळ्यासाठी वापरतात तो ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागदही चालतो, पण तो कमी लवचिक असतो आणि घड्यांवर लवकर चिरतो. माप असं काढा: तळ्याची लांबी, अधिक खोलीची दुप्पट, अधिक दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर. म्हणजे ३ + १.२ + १ = ५.२ मीटर. रुंदीला २ + १.२ + १ = ४.२ मीटर. हे गणित उभ्या भिंती धरून केलेलं आहे, त्यामुळे उतरत्या तळ्यात थोडा लायनर उरतो. तो काठावर उपयोगी पडतो.

खड्ड्यातले दगड, मुळांचे खुंट, काचेचे तुकडे हाताने चाचपून काढा. तीन-चार सें.मी. वाळू पसरा, त्यावर जाड जिओटेक्स्टाइल (लायनरला टोचण्यापासून वाचवणारं कापड) आणि मग लायनर. लायनर भर उन्हात तासभर पसरून ठेवला की मऊ पडतो. तो खेचून बसवू नका, सैल सोडा. पाण्याच्या वजनाने तो स्वतः बसतो. ताणून बसवलेला लायनर महिन्याभरात एखाद्या कोपऱ्याशी फाटतो. पाणी पूर्ण भरेपर्यंत कडा कापू नका.

आता काठ. बाहेरची माती किंवा हिरवळ लायनरच्या कडेवरून आत येऊन पाण्याला टेकली, तर ती वातीसारखं पाणी ओढून बाहेर सोडत राहते. तळं गळतं अशी तक्रार येते तेव्हा बऱ्याचदा लायनरला भोक नसतंच, हीच वात असते. उपाय सोपा आहे. दलदलीची माती आणि रोपं लायनरच्या आत ठेवा. त्यापलीकडे लायनरची कड पाण्याच्या पातळीपेक्षा चार-पाच सें.मी. वर उभी राहू द्या आणि बाहेरची कोरडी जमीन तिच्या पलीकडे राहील असं पाहा. कड दिसू नये म्हणून तिच्यावर चपटे दगड ठेवता येतात.

पाणी आणि तळाची माती

तळावर आणि उतारावर ५ ते ८ सें.मी. धुतलेली जाड वाळू टाका. बागेची माती, शेणखत, गांडूळखत, कंपोस्ट यातलं काहीही नको. नव्या तळ्याचं पाणी हिरवंगार होण्याचं हे पहिलं कारण आहे. पाणवनस्पतींना लागणारं अन्न पाण्यात आणि साचत जाणाऱ्या गाळात पुरेसं असतं. ते जास्त झालं की आधी शेवाळ खातं.

पावसाचं पाणी सगळ्यात चांगलं. नळाचं भरायचं असेल तर एक-दोन दिवस उघड्यावर ठेवल्यावर साधं क्लोरीन उडून जातं. पुरवठ्यात क्लोरामाइन वापरत असतील तर मात्र ते नुसतं ठेवून जात नाही, क्लोरीन काढायचं औषध घालावं लागतं. पाणी ओतताना धार थेट वाळूवर सोडू नका. प्लास्टिकची पिशवी किंवा ताटली ठेवून तिच्यावर सोडा, नाहीतर सगळी वाळू उतरून तळाशी जाते.

वनस्पती

पाणथळीची झाडं मुळांशी हवा नसलेल्या चिखलात कशी जगतात, हे एकदा जवळून पाहा. कुमुदाच्या पानाचा देठ आडवा कापला की आत पोकळ नळ्या दिसतात. त्यांतून हवा पानाकडून खाली कंदापर्यंत पोहोचते. लव्हाळ्याचं किंवा पाणकणसाचं मूळ काळ्या गाळातून अलगद उपसलं, तर जिवंत मुळांभोवती तांबूस गंजासारखा लेप दिसतो: मुळातून झिरपणाऱ्या प्राणवायूमुळे गाळातलं लोह गंजलेलं असतं. हा लेप दिसला की झाड ठीक आहे. मुळं काळी, मऊ आणि सडक्या अंड्यांच्या वासाची असतील तर गाळ फार साचलाय.

चार थर लावायचे असतात. पाण्याखालची झाडं, म्हणजे सेराटोफायलम, व्हॅलिस्नेरिया यांसारखी, आधी लावा, कारण शेवाळाचं अन्न तीच पळवतात. चार-पाच काड्यांची एक जुडी. या तळ्याला सहा ते आठ जुड्या पुरतात. सेराटोफायलमला मुळं नसतात, नुसती टाकली तरी चालतात. व्हॅलिस्नेरियाचं मूळ वाळूत खोवा, पण पानांचा बुडखा वर राहू द्या. तो गाडला गेला की कुजतो.

तरंगत्या पानांसाठी लहान जातीचं एकच कुमुद. आठ-दहा लिटरच्या जाळीदार टोपलीत खत न घातलेली चिकणमाती भरा, कंद तिरपा लावून कोंब उघडा ठेवा आणि वर दोन सें.मी. खडी पसरा, म्हणजे माती पाण्यात उडत नाही. टोपली आधी पायरीवर ठेवा आणि पानं पाण्यावर आली की खोल भागात सरकवा. एकदम ६० सें.मी. खोल ठेवलेला कोवळा कंद पान वर आणण्यातच संपतो. रोप घेताना कमळ आणि कुमुद यांत गल्लत होते. कमळाचं पान गोल, अखंड आणि पाण्याच्या वर उभं राहणारं. कुमुदाच्या पानाला देठापर्यंत चीर असते आणि ते पाण्यावर पसरतं. कमळ सुंदर असलं तरी एवढ्याशा तळ्यात लावायचं झाड नाही. त्याचे कंद दोन हंगामांत अख्खं तळ व्यापतात.

पायरीवर वेखंड, लव्हाळे, ओल्या उतारावर जलब्राह्मी आणि आसपास आपोआप वाढणारी ओलसर जागेची गवतं. तीस सें.मी. अंतराने दहा-बारा ठोंब बस्स. पाणकणीस टाळाच. त्याच्या जमिनीखालच्या खोडांची टोकं टोकदार असतात, पातळ लायनरमधून आरपार जातात आणि लहान तळं पाहता पाहता भरून टाकतात. फारच हवं असेल तर बुडाला भोक नसलेल्या जाड कुंडीत लावा.

जलपर्णी, साल्व्हिनिया, गोंडाळ फुकट मिळाली तरी घेऊ नका. साल्व्हिनिया तर अनुकूल हवामानात काही दिवसांत दुप्पट होते, पृष्ठभाग झाकते आणि खालचा प्रकाश बंद करते. हायड्रिलाही तुमच्या प्रदेशातली नसेल तर नकोच; तिचा बोटभर तुकडासुद्धा रुजतो. नवी रोपं स्वच्छ पाण्यात धुवा आणि दोन-तीन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवा. टिकलीएवढ्या तरंगत्या पानांची लेम्ना हमखास रोपांच्या मुळांना चिकटून येते. नैसर्गिक तळ्यातून रोपं उपटून आणायची नाहीत. आणि आपल्या तळ्यातलं काढलेलं काहीही नदी-नाल्यात टाकायचं नाही. ते सुकवून कंपोस्टमध्ये घाला.

दीड-दोन वर्षांनी तळ्याचा साधारण निम्मा पृष्ठभाग उघडा दिसला, तर प्रमाण बरोबर आहे.

जीव कोण, कधी आणि कशासाठी येतात

काहीही सोडायचं नाही. सगळ्यात कठीण सूचना हीच. पाण्यावर पाय पसरून सरकणाऱ्या निवळ्या, पाठीवर पोहणारे पाणढेकूण आणि पाणभुंगे काही दिवसांतच उडत येतात. पाण्याच्या आडव्या पृष्ठभागावरून परावर्तित होणारा ध्रुवीकृत प्रकाश त्यांना दिसतो आणि त्यावरून ते तळं शोधतात. चकचकीत गाडीच्या टपावर किंवा काळ्या प्लास्टिकवर पाणकिडे आपटतात, ते याच खुणेने फसून.

चतुर आणि टाचण्या यांच्या गरजा वेगळ्या आहेत. बरेच चतुर उडता उडता शेपटीचं टोक पाण्यावर टेकवून अंडी सोडतात, त्यांना उघडं पाणी लागतं. टाचण्या अंडी झाडाच्या मऊ देठात टोचून ठेवतात, त्यामुळे पाण्यातून वर आलेले देठ नसतील तर त्या फिरकून निघून जातात. दोघांचीही पिल्लं पाण्यात वाढतात. पांढऱ्या ताटलीत थोडं पाणी आणि पानं घेऊन पाहिलं की ओळखता येतात: टाचणीच्या पिल्लाच्या शेपटीला पानासारखे तीन कल्ले असतात, चतुराचं पिल्लू जाडजूड असतं आणि घाबरलं की शेपटीतून पाण्याची पिचकारी मारत पुढे झेपावतं. पूर्ण वाढ झाली की ते बहुधा रात्री किंवा पहाटे देठावर चढतं आणि पाठ फाडून बाहेर येतं. देठाला चिकटलेली रिकामी कात आणि तिच्या पाठीवरच्या फटीतून लोंबणारे पांढरे धागे (ते श्वासनळ्यांचं अस्तर असतं) दिसले, तर तुमच्या तळ्यात चतुरांचं एक पूर्ण चक्र झालंय असं समजा. म्हणून पाण्याबाहेर आलेले वाळके देठ घाईने कापू नका.

बेडकांची अंडी गोळ्यांच्या घोसासारखी किंवा फेसात, तर भेकांची बहुतेक वेळा लांब माळेत दिसतात. बेडूकमासे, म्हणजे टॅडपोल, जातीनुसार काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत पाण्यात राहतात आणि पाय फुटल्यावर उतारावरूनच बाहेर येतात. उभ्या काठाच्या तळ्यात ती बोटभर पिल्लं बुडून मरतात. दुसऱ्या तळ्यातली अंडी किंवा बेडूकमासे बरणीतून आणणं धोक्याचं आहे. कायट्रिड बुरशी आणि रानाव्हायरस हे बेडकांचे रोग पाण्याबरोबर पसरतात. जाळी, बूट, बादली एका तळ्यातून दुसऱ्यात नेण्याआधी धुवून पूर्ण वाळवा.

बेडूक स्थिरावले की त्यांच्या मागे कधी बगळा, कधी पाणसाप येतो. तेही ठीकच आहे.

मासे मात्र सोडू नका. गप्पी आणि गॅम्बुशिया डासांच्या अळ्या खातात हे खरं, पण बेडकांची अंडी, लहान बेडूकमासे आणि चतुरांची कोवळी पिल्लंही खातात. मासे सोडलेल्या छोट्या तळ्यात मासेच उरतात.

डास

पहिले दीड-दोन महिने हा प्रश्न खरा आहे, कारण उष्ण हवेत डासांचं चक्र सात ते दहा दिवसांत पुरं होतं आणि त्यांचे शिकारी स्थिरावायला वेळ लागतो. आठवड्यातून दोनदा पांढऱ्या वाडग्याने काठालगतच्या दहा ठिकाणचं पाणी उचलून पाहा. पृष्ठभागाला समांतर आडवी पडलेली अळी ॲनाफेलीसची, डोकं खाली करून तिरपी लोंबणारी क्युलेक्स किंवा एडिसची. स्वल्पविरामासारखे वळलेले कोष दिसले तर एक-दोन दिवसांत डास उडणार. कोष खात नाहीत, म्हणून त्यांच्यावर बीटीआय या अळीनाशकाचाही उपयोग होत नाही. ते वाडग्याने काढून कोरड्या जमिनीवर ओता. नुसत्या अळ्या असतील तर बीटीआय, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस हा जिवाणू, वेष्टनावरच्या मात्रेत टाका. तो अळीच्या पोटात गेल्यावर काम करतो आणि बेडूक किंवा चतुरांना अपाय करत नाही. रॉकेल किंवा तेल कधीच नको. पृष्ठभागावर येऊन श्वास घेणारे पाणभुंगे आणि पाणढेकूण, म्हणजे डासांचे शत्रूच, त्याने आधी मरतात.

शिकारी स्थिरावल्यानंतरही घरात डास असतील, तर तळ्याकडे बोट दाखवण्याआधी कुंड्यांखालच्या ताटल्या, टायर आणि उघडी पिंपं तपासा.

शेवाळ आणि रंग बदललेलं पाणी

भरल्यानंतर काही दिवसांत पाणी हिरवट होतं. हे एकपेशीय शेवाळ. घाबरून पाणी बदललं तर ताज्या पाण्याबरोबर नवं अन्न येतं आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. थांबा, पाण्याखालची झाडं वाढली की ते निवळतं. दोऱ्यांसारखं शेवाळ खरबरीत काठीवर गुंडाळून काढा आणि रात्रभर काठावरच ठेवा, म्हणजे त्यात अडकलेले जीव पाण्यात परततात. पाण्यावर रंग सांडल्यासारखा निळसर-हिरवा तवंग आला तर ते सायनोबॅक्टेरिया असू शकतात. काही प्रकार विषारी असतात, म्हणून मुलांना आणि पाळीव जनावरांना दूर ठेवा.

पहाटे बेडूकमासे एकगठ्ठा पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडत असतील तर प्राणवायू कमी आहे. झाडं रात्री प्राणवायू वापरतात, त्यामुळे सूर्योदयाआधी तो सगळ्यात कमी असतो. कुजणारी पानं काढा, दाट झालेली झाडं विरळ करा आणि थोडं पाणी उंचावरून ओता.

पातळी उतरते तेव्हा

उष्ण, कोरड्या हवेत दिवसाला ६ मिलिमीटर बाष्पीभवन सहज होतं. या तळ्यात ते जवळपास २८ लिटर भरतं. गळती आहे का हे पाहायला एक बादली पाण्याने भरून तळ्याच्या काठावर, सारख्याच उन्हात ठेवा आणि दोन्हींच्या पातळीवर खूण करा. तीन-चार दिवसांत तळं बादलीपेक्षा स्पष्टपणे जास्त उतरलं तर आधी काठावरची वात शोधा. ती नसेल तर पाणी न घालता थांबा. उतरत उतरत पातळी जिथे थबकेल, त्या उंचीवर भोक असतं. तिथला लायनर धुवून, वाळवून त्याच साहित्याचं ठिगळ लावा.

वर्षातून एकदा

वीण संपल्यावर, थंडी पडायच्या आधी, वाढलेल्या झाडांपैकी एक तृतीयांश कापा, जास्त नाही. गाळ दर दोन-तीन वर्षांनी आणि तोही एका वेळी एक तृतीयांश भागातलाच काढा, म्हणजे उरलेल्या गाळातले जीव मोकळ्या भागात पसरतात. काढलेला गाळ एक-दोन दिवस काठावर ठेवा, मग वाफ्यात टाका.

पाणी गोठतं अशा ठिकाणी बर्फ ठोकून फोडू नका. गरम पाण्याचं भांडं टेकवून वितळवा.

लहान मुलं असतील तर पाण्याच्या जरा वर मजबूत लोखंडी जाळी बसवा. मूल बुडायला काही सें.मी. पाणीही पुरतं.

उन्हाळ्यात तळं पूर्ण आटलं तरी प्रयोग फसला असं नाही. हंगामी डबक्यांत मासे टिकत नाहीत, म्हणूनच बेडूक आणि फेअरी श्रिंपसारखे (कोळंबीसारखे दिसणारे इवले) जीव तिथे निर्धास्त वाढतात. फेअरी श्रिंपची अंडी वाळलेल्या गाळात वर्षानुवर्षं टिकतात. त्यामुळे आटलेल्या तळ्यातला गाळ उपसून फेकू नका. उघडा पडलेला लायनर मात्र वाळूने लगेच झाका. उन्हाने तो कडक होतो आणि पुढच्या पावसात घड्यांवरच चिरतो.